टक्सनच्या विहिरी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात वाळवंटी शहरांवरच्या टिपणात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या टक्सन शहरावर चारच ओळी होत्या: वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस, सांता क्रूझ नदी बहुतेक काळ कोरडी, आणि तरी साडेपाच लाख वस्तीचं शहर विहिरींचं पाणी पितं. तेवढ्यावर पत्रांचा ढीग आला. भूजल आणि नगर-पाणीपुरवठा या दोन्ही क्षेत्रांत काम केलेल्या आमच्या सल्लागारांनी निवडक प्रश्नांना दिलेली उत्तरं इथे देत आहोत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे टक्सनच्या दीडपट पाऊस पडतो, तरी फेब्रुवारी उजाडला की बोअर गचके खायला लागतो. मग त्यांच्या जमिनीखाली एवढं पाणी आलं कुठून? (सांगोला)

तुमच्या आणि त्यांच्या पावसात फरक आहेच, पण खरा फरक जमिनीखालच्या कोठाराचा आहे. टक्सनच्या उत्तरेला सांता कॅटालिना, पूर्वेला रिंकन, पश्चिमेला टक्सन डोंगर. मधला खोलगट भाग लाखो वर्षं या डोंगरांच्या झिजेने भरत आला. वाळू, खडी, गाळ, मधूनच चिकणमातीचे थर, आणि हा भराव काही ठिकाणी हजार मीटरपेक्षाही खोल. तुमच्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी राहतं ते फटींत, मुरमात आणि दोन थरांमधल्या सांध्यात.

हिशेब करून पाहा. एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली, तर वाळू-खडीच्या थरातून साधारण 15 टक्के, म्हणजे 1,500 घनमीटर पाणी हाती येतं. बेसाल्टमध्ये दोन टक्के धरले तर 200 घनमीटर. म्हणून तुमचा बोअर एका पावसात भरतो आणि एका हंगामात संपतो. त्यांची पातळी उतरायला दशकं लागतात आणि चढायलाही दशकंच.

टक्सनच्या खालचं बरंचसं पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं आहे. आज नैसर्गिकरीत्या जे मुरतं ते डोंगराच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या वाळूत, आणि तेही मुख्यतः हिवाळी पावसाचं आणि डोंगरावरच्या बर्फाचं. उन्हाळी वळवाचं पाणी जोरात येतं आणि बरंचसं वाफ होऊन जातं. सपाट माळावर पडलेला पाऊस तर झुडपांच्या मुळांपलीकडे क्वचितच उतरतो.

प्रश्न: शहराला पाणी पुरवणारी विहीर कशी खोदतात? आपल्यासारखा रात्रीत बोअर मारून होतो का? (पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

नाही. आपल्याकडे हवेच्या हातोड्याने साडेसहा इंची भोक पाडतात, खडक स्वतःच्या अंगाने उभा राहतो आणि केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाईप, फक्त वरच्या मातीपुरतं घालतात. टक्सनच्या भरावात असं भोक पाडलं तर ते क्षणात ढासळेल. तिथे भोकात कायम चिखलपाणी भरलेलं ठेवून फिरत्या छिन्नीने खोदतात. या दाट पाण्याच्या दाबाने भिंती टेकलेल्या राहतात आणि खोदलेला चुरा त्याच पाण्याबरोबर बाहेर येतो.

आधी साधारण 12 इंची चाचणी-भोक 200 ते 300 मीटरपर्यंत नेतात. दर तीन मीटरला चुऱ्याचा नमुना बाजूला काढतात, चाळणीत घालून कण मोजतात. मग भोकात विद्युतरोध मोजणारी शलाका सोडतात. चिकणमातीत रोध कमी, स्वच्छ खडीत जास्त. हा आलेख आणि नमुने शेजारी ठेवून जाळीचा पाईप कोणत्या खोलीवर बसवायचा ते ठरतं. वेगवेगळ्या थरांतून पाणी काढून त्याची तपासणीही याच टप्प्यावर करावी, कारण एखाद्या थरात आर्सेनिक निघालं तर तिथे जाळीऐवजी सलग पाईप घालून तो थर वगळता येतो. केसिंग बसल्यावर ही सोय राहत नाही.

नंतर भोक 24 ते 28 इंच रुंद करून 16 इंची पोलादी केसिंग उतरवतात. पाणीदार थरांसमोर खाचा असलेला जाळी-पाईप, बाकी ठिकाणी सलग. केसिंग आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या चार-सहा इंचांच्या पोकळीत चाळून धुतलेली गोल खडी भरतात. विहिरीचं आयुष्य या खडीवर ठरतं. खडीचा कण थराच्या मधल्या कणाच्या चार ते सहापट मोठा हवा, आणि जाळीची खाच अशी हवी की 90 टक्के खडी बाहेरच अडेल. खडी मोठी झाली तर वाळू आत येऊन पंपाचे पंखे खाते, बारीक झाली तर पाणीच अडतं. ती वरून ओतायची नाही, बारीक पाईपाने तळापासून भरत यायचं. वरून ओतली की कण वेगळे होतात आणि मध्ये पोकळी राहते. पुढे कधीतरी खडी खाली बसते आणि केसिंगवर एका बाजूने भार येतो. सगळ्यात वर सिमेंटचं बूच. ॲरिझोनाच्या नियमाप्रमाणे ते किमान 20 फूट खोल लागतं, म्हणजे पावसाचं घाण पाणी केसिंगच्या कडेने खाली उतरत नाही.

यापुढचं काम कंटाळवाणं, आणि घाई होते ती इथेच. खोदताना वापरलेला चिखल थराच्या भिंतीवर लिंपला गेलेला असतो, तो काढायला हवा. जाळीच्या प्रत्येक टप्प्यासमोर रबरी दट्ट्या वर-खाली करून पाणी आत-बाहेर खेळवायचं, हवेने उपसायचं, पुन्हा दट्ट्या. पाण्यात वाळू दशलक्ष भागांत पाचाच्या खाली येईपर्यंत हे चालू ठेवायचं. कंत्राटदार दोन दिवसांत ‘झालं’ म्हणतो, पण अर्धवट धुतलेली विहीर कायम कमी पाणी देते आणि दोष मात्र पंपाला लागतो.

शेवटी चाचणी. प्रथम चार-पाच टप्प्यांत उपसा वाढवत नेऊन प्रत्येक वेळी पातळी किती उतरते ते पाहायचं. मग एकाच वेगाने 24 ते 72 तास सलग. मिनिटाला 4,000 लिटर काढताना पातळी 10 मीटर उतरली, तर दर मीटरला 400 लिटर. हा आकडा विहिरीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पाच वर्षांनी तो 250 वर आला आणि परिसरातली स्थिर पातळी, म्हणजे उपसा बंद असतानाची, जागच्या जागी असेल, तर जाळी बुजते आहे. बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा थर किंवा लोहजीवाणूंची चिकट साय असते.

वापरात घेण्याआधी निर्जंतुकीकरण. 16 इंची केसिंगमध्ये 200 मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर पाणी सुमारे 25 घनमीटर होतं. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर सव्वा किलो, म्हणजे 12 टक्के तीव्रतेचं हायपोक्लोराइट साडेदहा लिटर. भोवतालच्या खडीतही पाणी असतं, म्हणून दीडपट ते दुप्पट घ्यावं. 24 तास ठेवून उपसून टाकायचं आणि मग जिवाणू तपासणी.

प्रश्न: तिकडे पाणाड्या बोलावतात का? (दहिवडी)

काही खाजगी जमीनमालक बोलावतात. टक्सनसारख्या जाड भरावात कुठेही खणलं तरी पाणी लागतंच, त्यामुळे पाणाड्याचं नाव होणं तिथे फारच सोपं. किती लागेल आणि कसं असेल हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर काठी देत नाही.

प्रश्न: एवढ्या खोलीवरून पाणी ओढायला वीज किती लागते? काही सूत्र आहे का? (नाशिक)

आहे, आणि ते तुमच्या सोसायटीच्या बोअरलाही लागू पडतं. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याला लागणारे युनिट = एकूण उंची मीटरमध्ये × 0.002725 ÷ कार्यक्षमता. एकूण उंचीत उपसा चालू असतानाची पातळी आणि वरच्या टाकीपर्यंतचा दाब, दोन्ही धरायचे. स्थिर पातळी धरू नये. ही चूक फार लोक करतात आणि मग बिल जुळत नाही.

समजा पाणी 120 मीटरवरून येतं आणि वर 40 मीटरचा दाब द्यायचा आहे, पंप-मोटर मिळून कार्यक्षमता 65 टक्के. मग 160 × 0.002725 ÷ 0.65 म्हणजे 0.67 युनिट. मिनिटाला 4,000 लिटर देणारी विहीर रोज 18 तास चालली तर 4,320 घनमीटर, म्हणजे सुमारे 2,900 युनिट. पातळी आणखी 30 मीटर उतरली की त्याच पाण्याला रोज साडेपाचशेच्या आसपास युनिट जास्त. आणि एवढ्यावर भागत नाही: पंप त्याच्या नेमक्या उंचीसाठी घेतलेला असतो, उंची वाढली की पाणी कमी येतं आणि कार्यक्षमता घसरते. 50–55 टक्क्यांखाली गेली की पंप दुरुस्तीसाठी बाहेर काढावा.

पातळी पंपाच्या तोंडाशी आली की तो हवा ओढू लागतो. नळाला दुधाळ पाणी येतं, पेल्यात ठेवलं की खालून वर निवळतं. ते पिणाऱ्याला अपाय करत नाही, पंपाचा मात्र जीव घेतं. तात्पुरता उपाय म्हणजे व्हॉल्व्ह आवळून उपसा कमी करणं. कायमचा उपाय पंप आणखी खाली बसवणं, आणि त्यासाठी विहीर आधीच पुरेशी खोल खणलेली हवी.

प्रश्न: शहर वाढत गेलं तसा उपसाही वाढला असणार. पातळी खाली गेली नाही का? (लातूर)

गेली, आणि भरपूर गेली. 1950 मध्ये टक्सनची लोकसंख्या 45,454 होती. 1960 मध्ये ती 2,12,892 झाली. आसपासच्या वस्त्या हद्दीत घेतल्याचाही त्यात वाटा होता. सगळं पाणी विहिरींचं, आणि शहराबाहेर कापूस पिकवणारे शेतकरी, तांब्याच्या खाणी हेही त्याच कोठारातून ओढणारे. 1940 च्या दशकापासून शतकअखेरीपर्यंत शहराच्या मध्यभागी पातळी काही ठिकाणी 60 मीटरहून जास्त उतरली. सांता क्रूझच्या काठची मेस्किट या काटेरी झाडांची राई वाळून गेली, कारण मुळांच्या आवाक्यातून पाणी निसटलं. चिकणमातीचे थर पाणी गेल्यावर दबतात आणि मग जमीन खचते. टक्सनमध्ये हे काही इंचांवर निभावलं. फीनिक्सच्या वाटेवरच्या इलॉय परिसरात, जिथे उपसा शेतीसाठी होता, जमीन चार मीटरच्या आसपास खाली गेली आणि लांबच लांब भेगा पडल्या. दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून तेवढी साठवण कायमची जाते.

शहराने केलेले उपाय एकामागून एक आले, सगळेच लोकांना आवडले असं नाही. 1976 मध्ये पाणीपट्टी वाढवली आणि डोंगरउतारावरच्या घरांना पाणी वर चढवण्याचा वेगळा आकार लावला. पुढच्या जानेवारीत मतदारांनी मतदान करून त्यासाठी नगरसेवकांना पदावरून काढलं. आकारणीचं तत्त्व मात्र बरोबर होतं. वर राहणाऱ्यांच्या पाण्याला वीज जास्त लागते, हे आधीच्या उत्तरातल्या सूत्रावरूनच दिसेल. 1977 च्या उन्हाळ्यापासून संध्याकाळी चार ते आठ बागेला पाणी न घालण्याची मोहीम सुरू झाली. तिचा हेतू पाणी वाचवण्यापेक्षा कमाल मागणीची ती चार तासांची चढण सपाट करण्याचा होता. पंप, टाक्या, नळ हे सगळं कमाल मागणीच्या मापाने बांधावं लागतं. चढण कमी झाली की नव्या विहिरी काही वर्षं पुढे ढकलता येतात.

शिवाय 1970 च्या दशकापासून शहराने टक्सन डोंगरापलीकडच्या ॲव्हरा खोऱ्यात शेतजमिनी विकत घेऊन पडीक ठेवल्या, त्यांच्या पाण्याचा हक्क मिळावा म्हणून. आणि 1980 मध्ये राज्याने भूजल कायदा केला: ठरावीक क्षेत्रांत नवी ओलिताची जमीन आणायची नाही, मोठ्या विहिरींना मीटर, आणि टक्सनसाठी 2025 पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालण्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यातही 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. मोजमाप नसेल तर असा कायदा कागदावर राहतो. ॲरिझोनात मोठ्या विहिरीच्या मालकाला दर वर्षी उपसा कळवावा लागतो.

प्रश्न: टक्सनमध्ये नदीचं पाणी आणल्यावर नळाला तांबडं पाणी आलं असं वाचलं. शुद्ध केलेलं पाणी तांबडं कसं होईल? (ठाणे, पाईप-फिटिंगचे व्यापारी)

तुमच्या धंद्याचाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोलोरॅडो नदीचं पाणी हवासू सरोवरातून 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणि जवळजवळ 880 मीटर वर चढवून टक्सनला येतं. नोव्हेंबर 1992 मध्ये शहराने ते शुद्धीकरण करून थेट नळांत सोडलं. केंद्रातून निघालेलं पाणी नियमात बसत होतं. घरी पोचेपर्यंत ते तांबडं-तपकिरी झालं. कपड्यांना डाग पडले, पाणी तापवायच्या टाक्या गळू लागल्या, जुने पाईप फुटले.

त्यामागची कारणं अशी. शहरातले जुने पाईप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले, आपल्याकडचे जीआय) आणि आतून अस्तर नसलेल्या बिडाचे. अनेक दशकं त्यांतून विहिरीचं पाणी वाहत होतं आणि आतल्या गंजावर त्या पाण्याशी जुळलेला थर बसलेला होता. नदीच्या पाण्यात विरघळलेले क्षार दुपटीहून जास्त, लिटरला सुमारे 650 ते 700 मिलिग्रॅम, विहिरीच्या पाण्यात 300 च्या आत. सामू वेगळा, निर्जंतुकीकरणाची पद्धत वेगळी. या पाण्याने तो थर सुटा केला. त्यात भर म्हणजे प्रवाहाची दिशा. पूर्वी ठिकठिकाणच्या विहिरी आपापल्या भागाला पाणी देत. आता सगळं एका टोकाकडून येऊ लागलं, अनेक पाईपांत पाणी उलटं वाहू लागलं, वेग बदलला आणि तळाशी साचलेला गंज उचलला गेला. सामू वाढवून आणि गंजरोधक घालून पाहिलं, पण लोकांचा विश्वास उडालेला होता. 1994 मध्ये थेट पुरवठा थांबला. 1995 मध्ये मतदारांनीच कायदा करून, विहिरीच्या पाण्याच्या तोडीचं केल्याशिवाय ते थेट नळात सोडायला मनाई केली.

तोडगा असा निघाला की नदीचं पाणी ॲव्हरा खोऱ्यात जमिनीत मुरवायचं, तिथल्या भूजलात मिसळू द्यायचं आणि विहिरींनी पुन्हा काढायचं. हे मिश्रण 2001 मध्ये नळाला आलं. त्याआधी जुने गॅल्व्हनाइज्ड पाईप मोठ्या प्रमाणावर बदलले आणि काही वस्त्यांमध्ये मिश्रण आधी चालवून पाहिलं. म्हणजे आज टक्सनचे लोक विहिरीचं पाणी पितात हे खरं, पण त्यातला मोठा हिस्सा आधी वरून ओतलेला असतो.

तुमच्या गिऱ्हाइकांसाठी: नगरपालिकेने स्रोत बदलला, बोअरऐवजी धरण किंवा उलट, तर पहिले काही आठवडे जुन्या जीआय पाईपाच्या इमारतीत टाकीच्या आधी गाळणी बसवावी आणि सकाळचं पहिलं पाणी सोडून द्यावं. पाईप ठोकून गंज पाडण्याचा उपद्व्याप करू नये, बऱ्याच वेळा तो गंजच भोक बुजवून बसलेला असतो.

प्रश्न: पाणी मुरवायची तळी कशी बांधतात? आमच्या गावतळ्यात दोन वर्षांत मुरणंच बंद झालं. (संगमनेर)

टक्सनची तळी म्हणजे बांध घातलेली मोठी सपाट वावरं, खाली दगडी फरसबंदी नाही की अस्तर नाही. जागा निवडताना वरचे काही मीटर खणून पाहतात, कारण तिथे चुन्याचा दगडासारखा कडक थर अनेकदा सापडतो. तो राहिला तर पाणी आडवं पसरतं.

लोकांना वाटतं वाळवंटात अर्धं पाणी वाफ होत असेल. रोज अर्धा मीटर पाणी मुरत असेल आणि सात मिलिमीटर उडत असेल, तर तोटा दीड टक्क्याच्या आत. मुरण्याचा वेग रोज पाच सेंटिमीटरवर आला की तोच तोटा बारा टक्क्यांवर जातो. त्यामुळे सगळी धडपड वेग टिकवण्याची.

वेग जातो तो वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये. बारीक गाळ बसतो, त्यावर शेवाळं धरतं. शेवाळं दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसून पापुद्रा होतो. म्हणून एक तळं भरलेलं, शेजारचं वाळत ठेवलेलं, अशी पाळी ठेवतात. वाळल्यावर पापुद्रा तडकतो आणि बराच वेग परत येतो. अधूनमधून वरची साय खरवडून बाहेर न्यायची आणि खाली नांगरट करायची. खरवडण्याआधी नांगरलं तर गाळ आणखी खोल जातो. ओल्या तळात ट्रॅक्टर घालायचा नाही, चाकाखाली माती आवळते. आणि पाणी उथळ ठेवायचं. खोल केलं की दाबाने मुरणं वाढेल असं वाटतं, प्रत्यक्षात गाळाचा थर दाबला जाऊन आणखी घट्ट होतो.

तुमच्या तळ्यात बहुधा गाळच बसला असणार. मे महिन्यात तळं कोरडं असताना वरचा गाळ शेतात न्या, मुरूम उघडा पडेपर्यंतच. येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी एक लहान गाळखड्डा करा आणि तो दर वर्षी उपसा. मात्र खाली फटी नसलेला सलग पाषाण असेल तर कितीही साफ केलं तरी मुरणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी जागा दाखवून घ्या. आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्याने भरणं याला पुनर्भरण म्हणत नाहीत. ते जमिनीखालचं सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं आहे.

प्रश्न: आम्ही चँडलरला नोकरीला आहोत. फीनिक्सच्या बाहेर मोठ्या जागेत घर घ्यायचा विचार आहे. पाण्याचं काय पाहावं?

शहराच्या नळावर असलेलं घर घेत असाल तर फारशी चिंता नाही. चँडलरसारख्या शहरांनी 100 वर्षांच्या पाण्याची हमी राज्याकडे सिद्ध केलेली आहे. बाहेर गेलात की सावध राहा. 100 वर्षांच्या हमीचा नियम सहा किंवा अधिक प्लॉट पाडले तरच लागतो, म्हणून पाच-पाच प्लॉटचे तुकडे पाडून विकण्याची पळवाट आहे. स्कॉट्सडेलजवळच्या रिओ व्हर्दे फूटहिल्समध्ये शेकडो घरं टँकरवर होती, आणि 1 जानेवारी 2023 पासून स्कॉट्सडेलने हद्दीबाहेर टँकर भरून देणं बंद केलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने जाहीर केलं की फीनिक्स परिसरात पुढच्या 100 वर्षांत भूजल मागणीच्या चार टक्के कमी पडेल, आणि केवळ भूजलाच्या भरवशावरच्या नव्या वसाहतींना दाखले थांबवले.

स्वतःची विहीर असलेलं घर असेल तर 55 ने सुरू होणारा तिचा नोंदणी क्रमांक मागा. त्यावरून खोली, केसिंग, खोदताना लागलेले थर आणि तेव्हाची पातळी राज्याच्या नोंदीत पाहता येते. आजची पातळी मोजून घ्या. पंप आणि चालू पातळी यांत दहा मीटरपेक्षा कमी अंतर उरलं असेल तर किंमत कमी करायला सांगा. किमान चार तास सलग उपसा करून पाहा, अर्ध्या तासाची चाचणी फक्त केसिंगमधलं साठलेलं पाणी दाखवते. आर्सेनिक लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या आत, नायट्रेट नायट्रोजनच्या रूपात 10 मिलिग्रॅमच्या आत, शिवाय फ्लोराइड, युरेनियम आणि कोलिफॉर्म तपासा. मिनिटाला 35 गॅलनपर्यंतच्या घरगुती पंपाला उपशाच्या मर्यादेतून सूट आहे, हे लक्षात ठेवा. ती सूट शेजाऱ्यालाही आहे.

प्रश्न: कारखान्यांचं पाणी विहिरींत उतरलं तर? (कोल्हापूर)

टक्सनमध्ये ते झालं. विमानतळाच्या परिसरात धातू धुण्याचं ट्रायक्लोरोएथिलीन वर्षानुवर्षं जमिनीत जात राहिलं. 1981 मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या आणि 1983 मध्ये ती जागा केंद्र सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली. 1994 पासून तिथलं पाणी उपसून उंच मनोऱ्यांतून खाली सोडत आणि खालून हवा फुंकत. हा द्रव उडून जाणारा असल्याने हवेबरोबर निघून जाई. मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम. पण त्याच पाण्यात डायऑक्सेन हे दुसरं रसायन होतं, जे हवेने निघत नाही. त्यासाठी 2014 मध्ये अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं केंद्र आलं. मग आग विझवण्याच्या फेसातली पीफास रसायनं आली, ती यानेही तुटत नाहीत, आणि 2021 मध्ये ते पाणी पिण्यासाठी देणं थांबवावं लागलं. पीफास कोळशाच्या कणांवर किंवा विशिष्ट राळेवर अडतं. दूषित विहीर नुसती बंद करून भागत नाही, हेही लक्षात घ्या. उपसा थांबला की दूषित पाणी पुढच्या विहिरीकडे सरकतं.

प्रश्न: कोलोरॅडो नदीच आटत चालली आहे. मग? (छत्रपती संभाजीनगर)

2022 साठी पहिल्यांदाच टंचाई जाहीर झाली आणि ॲरिझोनाच्या वाट्यातून 5,12,000 एकर-फूट कापले गेले (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). पहिला फटका कालव्यावरच्या शेतीला बसला. टक्सनचा वाटा वर्षाला सुमारे 1,44,000 एकर-फूट आणि पिण्याच्या पाण्याची गरज एक लाखाच्या आसपास, त्यामुळे उरलेलं पाणी ते बरीच वर्षं जमिनीखाली साठवत आले. हिशेब राज्य ठेवतं. त्याच वर्षी मुरवून काढलं तर कपात नाही, पुढच्यासाठी ठेवलं तर पाच टक्के कोठाराच्या नावे सोडावे लागतात. मागणीही वाढलेली नाही. वस्ती कितीतरी वाढूनही शहराचा एकूण वापर 1980 च्या दशकाइतकाच आहे. बागा आणि गोल्फच्या मैदानांना 1984 पासून प्रक्रिया केलेलं सांडपाणी जांभळ्या पाईपांनी जातं.

शहराच्या मध्यभागातल्या जुन्या विहिरींवरचा भार 2001 नंतर कमी झाला आणि तिथली पातळी पुन्हा चढली. नदी कमी पडली तर त्याच विहिरी कामी येणार. पण बंद ठेवलेली विहीर आपोआप शाबूत राहत नाही. पंपाच्या दांड्याचे बेअरिंग कोरडे पडतात, जाळीवर जीवाणूंची साय चढते, मोटरच्या वेटोळ्यांत ओल शिरते. महिन्यातून एकदा तरी ती काही तास चालवावी, पहिलं पाणी नळात न सोडता बाहेर टाकावं, केसिंगमधल्या पाण्याच्या तिप्पट उपसा झाल्यावर नमुना घ्यावा आणि दर मीटरला किती लिटर येतात तो आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून पाहावा.